चार अंशांचा सण

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात मे महिन्यातला एक शुक्रवार असा असतो की त्या रात्री अनेकजण झोपतच नाहीत. होड्या पाण्यात उतरवलेल्या असतात, अंगावर जाड जॅकेटं असतात, बादलीत जिवंत मासोळ्या वळवळत असतात आणि प्रत्येकाचा डोळा घड्याळावर असतो. रात्रीचे बारा वाजले, शनिवार लागला, की काळोखात शेकडो गळ एकदम पाण्यात पडतात. त्याआधी एक मिनिट जरी गळ टाकला तरी तो गुन्हा. त्या शनिवार-रविवारी साधारण पाच लाख माणसं तळ्यांवर जातात. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्याही आत. म्हणजे पंढरीच्या वारीला लाजवेल असं प्रमाण, तेही एका माशासाठी.

माशाचं नाव वॉलआय. १९६५ पासून हा मिनेसोटाचा अधिकृत राज्यमासा आहे. अंग सोनेरी-हिरवट, तोंडात टोकदार दात आणि डोळे काचेच्या गोट्यांसारखे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत राज्यातल्या तळ्यांत त्याला धरायला बंदी असते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते, त्यातलाच हा प्रकार: माशाला अंडी घालू द्या, मग जाळी काढा. फरक इतकाच की आपल्याकडे तारीख पावसाकडे बघून ठरते आणि तिथे बर्फाकडे बघून.

या बर्फाची गोष्ट खरी थक्क करणारी आहे. बहुतेक पदार्थ थंड होत जातात तसे आकसत आणि जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सियसपर्यंतच शहाण्यासारखं वागतं. त्याच्या खाली गेलं की ते उलट फुगायला आणि हलकं व्हायला लागतं. म्हणून हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी ४ अंशांचं जड पाणी बसतं, वर शून्याजवळचं हलकं पाणी तरंगतं आणि गोठतं तेही वरूनच. असं नसतं तर तळी तळापासून गोठत वर आली असती आणि वसंतात तिथे धरायला मासा उरलाच नसता. बर्फाच्या जाड झाकणाखाली मासे महिनोन्‌महिने जगतात ते पाण्याच्या या एका लहरीमुळे.

एप्रिलमध्ये झाकण फुटतं. वरचं पाणी तापत तापत ४ अंशांवर येतं आणि काही दिवस असे येतात की वरपासून तळापर्यंत सगळं पाणी एकाच वजनाचं होतं. आता ना वरचा थर, ना खालचा. वारा आला की सबंध तळं ढवळून निघतं, हवेतला प्राणवायू थेट तळापर्यंत उतरतो आणि तळाशी साचलेलं खाद्य वर येतं. यानंतर उन्हाळ्यात पुन्हा थर पडतात, पण वसंतातले हे काही दिवस म्हणजे तळ्याने घेतलेला लांब श्वासच. बर्फ कोणत्या दिवशी सुटतो यावर तिथे पैजा लागतात. मिनियापोलिसजवळच्या मिनेटॉन्का तळ्याच्या तर १८५५ पासूनच्या नोंदी सापडतात.

पाणी ६ ते १० अंशांच्या दरम्यान आलं की वॉलआय किनाऱ्याकडे निघतात. आधी नर, मागून माद्या. रात्री, जेमतेम गुडघाभर पाण्यात, खडी-गोट्यांच्या उथळ जागी किंवा ओढ्यांच्या मुखाशी हा सोहळा चालतो. घरटं नाही, राखण नाही. मोठी मादी लाखाहून जास्त अंडी सोडते, ती दगडांच्या फटींत पडतात आणि आईबाप निघून जातात. लाटा दगड धुत राहिल्या, फटींत ताजं पाणी खेळत राहिलं, तर दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. गाळ बसला तर अंडी गुदमरतात. मे उजाडेपर्यंत हे बहुधा उरकलेलं असतं, म्हणून गरवायला मुभा तेव्हा. नर अजून त्याच उथळ जागांच्या आसपास रेंगाळत असतात आणि उपाशी असतात, हे गरवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पण सरकारी तारीख आणि तळ्याची तारीख नेहमी जुळतेच असं नाही. २०१३ साली ११ मेला हंगाम उघडला तेव्हा उत्तरेकडच्या कित्येक तळ्यांवर अजून बर्फच होता. गळ आहे, परवाना आहे, सुट्टी काढलेली आहे आणि पाणी दिसत नाही! लोकांनी मग ओढ्यांच्या मुखाशी, जिथे थोडं पाणी मोकळं झालं होतं तिथे दाटीवाटी केली.

आता उजाडेपर्यंत न थांबता रात्री बारालाच गळ का टाकायचा? त्याचं उत्तर माशाच्या डोळ्यात आहे. वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावरून परततो आणि दृष्टिपटलाला दुसऱ्यांदा मिळतो. मांजराचे डोळे गाडीच्या दिव्यात चमकतात तेच हे तंत्र. त्यामुळे संधिप्रकाशात, गढूळ पाण्यात, रात्री वॉलआयला स्पष्ट दिसतं, तर त्याच्या भक्ष्याला, म्हणजे छोट्या पर्च माशाला, धड दिसत नाही. लख्ख ऊन मात्र त्याला सोसत नाही, तो खोल पाण्यात दडी मारतो. म्हणूनच इतर हौशी नावाडी सपाट, आरशासारख्या पाण्याची वाट पाहतात आणि वॉलआयवाले ढगाळ हवा नि हलकी लाट मागतात. लाटांनी ऊन फुटतं, खाली अंधुक होतं आणि मासा उथळात येतो. अशा लाटेला तिथे ‘वॉलआय चॉप’ असं नावच पडलंय.

गरवण्याची रीत साधी आहे. शिशाच्या गोळीला जडवलेला गळ, त्याला ओठातून टोचलेली मासोळी. दोर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, वीतभर उचलायचा, पुन्हा टेकवायचा. वॉलआय हिसका देत नाही. तो आमिष तोंडात ओढून घेतो आणि हाताला फक्त एक ‘टप्’ किंवा ओल्या फडक्याइतकं वजन जाणवतं. थंडीने बधिर झालेल्या बोटांना ते कळणं हीच खरी कला. दुपारी काठावर चूल पेटते, बिडाच्या तव्यात बटाटे-कांदा आणि पिठात घोळवलेले बिनकाट्याचे तुकडे तळतात. मांस पांढरं, घट्ट, वास जवळजवळ नाही. आगळ-तिरफळावर वाढलेल्या जिभेला ते जरा मिळमिळीत वाटेल, पण तळ्याकाठच्या थंडीत चालून जावं.

१९४८ पासून राज्याचे गव्हर्नरही या दिवशी गळ घेऊन उतरतात. (आपल्या राज्यपालांसारखे नेमलेले नव्हेत, तिथले गव्हर्नर निवडून येतात, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे.) युद्धानंतर पर्यटन वाढवण्यासाठी सुरू झालेली ही प्रथा दर वर्षी वेगळ्या गावात भरते, आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर गव्हर्नरांच्या गळाला काहीच लागलं नाही असं अनेकदा घडतं. हा शनिवार पुष्कळदा मातृदिनाच्या आदल्याच दिवशी येतो. घरोघरी होणारी धुसफूस ओळखून की काय, मातृदिनाच्या शनिवार-रविवारी राज्यातल्या आयांना परवान्याशिवाय मासे धरायला मोकळीक दिलेली आहे.

मात्र या तळ्यांवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न या मौजेहून जुना आहे. इथले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक वॉलआयला ‘ओगा’ म्हणतात आणि वसंतात रात्री मशाली घेऊन, पाण्यात चमकणाऱ्या त्याच डोळ्यांवर नेम धरून भाल्याने मारत आले आहेत. १८३७ च्या करारात जमीन देताना त्यांनी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. तो मान्य करून घ्यायला मिल लॅक्स तळ्याकाठच्या ओजिब्वेंना १९९९ पर्यंत, थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि निकाल लागला तो पाच विरुद्ध चार असा.

त्याच १९९९ साली उत्तरेच्या रेड लेकमध्ये जे घडलं ते मला या सगळ्या हंगामापेक्षा मोठं वाटतं. अतिमासेमारीने तिथला वॉलआय जवळजवळ संपला होता. रेड लेकच्या ओजिब्वेंनी, ज्यांचं पोट या तळ्यावर होतं, स्वतःची जाळी आवरली आणि राज्याबरोबर करार करून वॉलआयची मासेमारी पूर्ण थांबवली. पिल्लं सोडली गेली, वर्षं मोजली गेली आणि २००६ मध्ये तळं पुन्हा उघडलं. मासा परतला होता.

मिल लॅक्सचं दुखणं वेगळं आहे. तिथे बाहेरून आलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी गाळून इतकं स्वच्छ केलं की अंधुक उजेडाच्या या माशाला ते रुचेना. २०१५ मध्ये तिथला वॉलआयचा हंगाम ऑगस्टमध्येच बंद करावा लागला. पाणी नितळ झालं की तळं सुधारलं, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

मिनियापोलिसकडे मुलाबाळांकडे जाणारे पुष्कळजण जून-जुलैचं तिकीट काढतात. जमलं तर मेच्या दुसऱ्या आठवड्यातलं काढा. परवाना घेतल्याशिवाय गळ पाण्यात सोडू नका, वीस इंचांपेक्षा मोठा वॉलआय एकाहून जास्त ठेवू नका, आणि दोन स्वेटर बरोबर न्या.