गिओन : शब्दात उरलेले जेतवन

जपानीत सणाला ‘मात्सुरी’ म्हणतात. मूळ क्रियापद ‘मात्सुरु’, म्हणजे देवाची पूजाअर्चा करणे. राज्यकारभारालाही जुना शब्द ‘मात्सुरिगोतो’ असाच आहे. शिंगोन पंथाच्या मंदिरांत अग्नीत आहुती देतात तो ‘गोमा’, म्हणजे आपला होम. हे साम्य ऐकताक्षणी कळते. ‘गिओन’चे मात्र तसे नाही.

क्योतोचा गिओन मात्सुरी जुलैत भरतो. त्याचा आरंभ इ. स. ८६९ च्या रोगराईत झाल्याचे सांगतात. साथ ही रुष्ट आत्म्यांची करणी, अशी तेव्हाची समजूत. त्यांना शांत करण्याच्या विधीला ‘गोर्योए’ म्हणत. पण नावातला ‘गिओन’ कुठला? तो श्रावस्तीचा. अनाथपिंडिकाने राजपुत्र जेताकडून उद्यान घेऊन बुद्धाला दिले, ते जेतवन. चिनी भाषांतरकारांनी ‘जेत’चा उच्चार एका अक्षरात बसवला आणि ‘वना’साठी बागेचे अक्षर घेतले. अर्धे लिप्यंतर, अर्धे भाषांतर! जपानी तोंडी त्याचे ‘गिओन’ झाले.

या उत्सवाचा देव गोझु तेन्नो, म्हणजे ‘वृषभमुखी देवराज’, जेतवनाचा रक्षक मानला जाई. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध दैवते सक्तीने वेगळी केली. शतकानुशतके एकत्र पुजलेल्यांची ही वाटणी मला तरी कागदी वाटते. गोझु तेन्नोच्या जागी सुसानोओ हे नाव आले, देवस्थान ‘यासाका’ झाले. उत्सवाला आणि भोवतालच्या वस्तीला मात्र लोक आजही गिओनच म्हणतात.