गाडीतल्या चेनकप्पीला बीम कोणता घालावा?

गळीत हंगाम सुरू झाला की जांब समर्थच्या शिवारात दोन गोष्टींना खोटी झालेली चालत नाही. एक तोडलेला ऊस आणि दुसरी पाण्याची मोटर. ऊस तोडून फडात पडला की तासागणिक त्याचं वजनही घटतं आणि साखरही उतरते. अशा वेळी ट्रॅक्टर फडातच बसला, तर दुरुस्तीला अंबड नाहीतर जालना गाठावं लागतं, आणि दिवस तिथंच जातो. म्हणून जुना टेम्पो किंवा पिकअप घ्यावा, मागं पत्र्याची बॉडी बांधावी, आत वाकणं, वेल्डिंग मशीन आणि वजन उचलायला चेनकप्पी ठेवावी, असा विचार आपल्यातले पुष्कळ जण करतात. विचार चांगला आहे. फिरती दुरुस्तीगाडी गावात असली तर दहा शेतकऱ्यांचा खोळंबा वाचतो.

पण चेनकप्पी टांगायची कशाला, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा भंगाराच्या दुकानातच सोडवला जातो. "हा तुकडा जाड दिसतो, चालंल," एवढ्यावर बीम ठरतो. खाली हात घालून काम करणारा माणूस आपल्याच घरातला असतो. म्हणून हा हिशेब सभासदांपुढं मांडावा असं आम्हाला वाटलं.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं डोळ्यांपुढं आणा. तुळई खांबावर, खांब तळखड्यावर आणि तळखडा जमिनीवर. भिंत पडली तरी माळवद उभं राहतं, कारण वजनाला जमिनीपर्यंत जायला सरळ वाट आहे. गाडीचंही तसंच. बीम म्हणजे तुळई, लोखंडी उभे पाय म्हणजे खांब आणि चासी म्हणजे तळखडा. गाडीचं छत आणि बाजूचा पत्रा ही नुसती भिंत. ती ऊन-पाऊस अडवते, वजन पेलत नाही. छताच्या पट्ट्यांना वेल्डिंग करून कप्पी टांगली, तर वरचा गर्डर कितीही दणकट असो, खालची वाट तुटलेलीच राहते. बीमच्या दोन्ही टोकांखाली उभा पाय हवा. पायाखाली जाड प्लेट हवी, आणि ती प्लेट चासीला नटबोल्टने धरलेली हवी. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. त्यानं चासी तिथंच कच्ची होते. बोल्ट उभ्या बाजूत घालावेत. ज्या गाडीला वेगळी चासीच नाही, तिच्यात हा खटाटोप करू नये.

आता वजनाचं. विहिरीवर रहाटानं घागर ओढतो, तेव्हा वरच्या लाकडावर घागरीचं वजन आणि आपली ओढ, असं जवळजवळ दुप्पट वजन येतं. गाडीत साधी कप्पी आणि दोर लावला तर बीमवरही तेच होतं. चेनकप्पीत हाताची ओढ थोडी लागते, म्हणून बीमवर उचललेलं वजन आणि कप्पीचं स्वतःचं आठ-दहा किलो एवढंच धरलं तरी चालतं. पण उचलताना झटका बसतो, त्यासाठी चौथा हिस्सा वाढवून धरावा. अर्धा टन उचलायचा असेल तर हिशेब ६२५ किलोचा करावा.

बीमवरचा ताण वजनाइतकाच त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमच्या मध्यावर वजन टांगलं, तर वजन गुणिले लांबी भागिले चार, एवढा ताण येतो. लांबी दुप्पट झाली की ताण दुप्पट होतो आणि बीमचा झोल आठपट होतो. म्हणून बीम गाडीच्या रुंदीत, पाच फुटांत घातला, तर लांबीत दहा फूट घातलेल्यापेक्षा पुष्कळ हलका चालतो.

पाच फुटांच्या गाळ्याला ७५ मिलिमीटरचं चॅनेल आमच्या हिशेबात थोडं कमी पडतं. १०० मिलिमीटरचं पुरतं. दोन्हीतला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. ७५ वरून १०० वर गेलं की लोखंडाचं वजन तिसऱ्या हिश्शानं वाढतं, पण वाकायला होणारा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. पाच फुटांत जेमतेम साडेतीन-चार किलो लोखंड जास्त लागतं. एवढ्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

तेच १०० चं चॅनेल आडवं पाडून घातलं, तर त्याची ताकद पाचव्या हिश्शावर येते. म्हणून तुळईसारखंच ते उभं घालावं. एकट्या चॅनेलला आणखी एक खोड आहे. वजन आलं की ते पिळतं. त्यामुळं दोन चॅनेल पाठीला पाठ लावून जोडावीत, नाहीतर सरळ आय गर्डर घ्यावा. कप्पी ट्रॉलीवर सरकवायची असेल तर आय गर्डरच हवा. ट्रॉलीची चाकं त्याच्या खालच्या पट्टीच्या उताराशी जुळणारी हवीत आणि दोन्ही टोकांना अटकाव हवा. दहा फुटांच्या लांबीला १२५ चा आय गर्डर धरावा.

सगळ्यात जास्त फसवणारा भाग म्हणजे मागच्या दारातून बाहेर काढलेलं टोक. "तीनच फूट तर बाहेर काढायचंय," असं वाटतं. पण बाहेर काढलेल्या टोकावर भागिले चार होत नाही, वजन गुणिले पूर्ण लांबी असा ताण येतो. म्हणजे तीन फूट बाहेर आलेल्या टोकाचा ताण दहा फुटांच्या टेकलेल्या बीमपेक्षाही जास्त भरतो. शिवाय आतला पाय मागच्या पायापासून सहा फुटांवर असेल आणि टोकाला ५०० किलो टांगले, तर मागच्या पायावर ७५० किलो येतात आणि आतला पाय २५० किलोंनी वर उचलला जातो. तो चासीला पक्का आवळलेला नसेल तर बीम उलटतो. असं वजन घेण्याआधी मागच्या बाजूला चासीखाली जॅक किंवा भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत, नाहीतर कमानी दबतात आणि गाडीचं नाक वर येतं.

आता माल कोणता घ्यावा. जालन्याच्या मिलांमधून निघणारी सळई राज्यभर जाते, त्यामुळं लोखंड म्हटलं की आपल्याला सळई आठवते. पण सळई सिमेंटच्या पोटात काम करते. चार सळया एकत्र वेल्ड करून बीम होत नाही. दोन इंची पाण्याचा पाईप वाकायला १०० च्या चॅनेलच्या चौथ्या हिश्शाइतकाही विरोध करत नाही. रेल्वेच्या रुळाचा तुकडा दणकट दिसतो, पण त्या पोलादात कार्बन जास्त, साध्या वेल्डिंगनं जोड तडकतो. जुना गर्डर घेतलाच तर गंज, जुनी भोकं आणि गॅसकटिंगच्या खाचा पाहूनच घ्यावा. मधे जोड दिलेला बीम नकोच.

सगळं बसलं की लगेच कामाला लावू नये. बीमच्या दोन टोकांना दोरी ताणून मधलं अंतर मोजावं. मग ६२५ किलो वजन जमिनीपासून सहा इंच वर, थोडा वेळ टांगून ठेवावं. त्या वेळी कुणी खाली किंवा जवळ उभं राहू नये. वजन उतरल्यावर दोरीचं माप पूर्वीइतकं आलं पाहिजे. आलं नाही तर बीम बसला आहे, तो बदलावा. नंतर "५०० किलोपेक्षा जास्त उचलू नये" असं ठळक रंगवून ठेवावं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मध्ये वजन उचलण्याच्या साधनांची निदान बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी करण्याचा दंडक घातलेला होता. आपल्या गाडीलाही तोच दंडक लावून घ्यावा. हंगामाआधीचा महिना त्याला बरा.

गाडी तिरपी उभी असताना, किंवा वजन बाजूला ओढत, कप्पी चालवू नये. वजन टांगलेलं असताना गाडी हलवू नये. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ गाडीत वाटेल तसा बदल करता येत नाही, म्हणून बॉडी बांधण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावं.

सभासद बंधू-भगिनींनो, वरचे आकडे अर्ध्या टनापुरते आणि अदमास यावा म्हणून दिले आहेत. आपल्या गाडीची मापं घेऊन जाणत्या अभियंत्याकडून हिशेब पडताळून घ्या आणि मगच लोखंड घ्या. दुकानात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: किती उचलायचं, किती फुटांत आणि पाय कुठं टेकणार. ही तीन उत्तरं असली की बीम कोणता हे आपोआप ठरतं.