एचआयव्हीवरील औषधांचे दुष्परिणाम, तातडीच्या सेवेतील

एचआयव्ही या व्हायरसाची वाढ रोखणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांच्यामुळे क्वचित गंभीर विकार उद्भवतात. हे विकार नेहमीच्या रोगांसारखेच दिसत असल्याने, रुग्ण कोणते औषध घेतो हे कळल्याशिवाय तातडीच्या सेवेत अचूक निदान होत नाही. भारतात शासनातर्फे ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली.

प्रारंभीच्या औषधांपैकी स्टॅव्ह्यूडिनामुळे रक्तात लॅक्टिक अम्ल साचून वांत्या, पोटदुखी व जलद श्वसन ही लक्षणे उद्भवत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. झिडोव्ह्यूडिनामुळे पांडुरोग, तर नेव्हिरॅपिनामुळे पहिल्या काही आठवड्यांत पुरळ व यकृतशोथ होऊ शकतो. पुरळाबरोबर ताप वा तोंडात व्रण असल्यास ते तत्काळ बंद करतात. अबॅकॅव्हिराच्या अधिहृषतेत ताप, पुरळ, वांत्या व धाप आढळतात. अशा रुग्णास ते पुन्हा दिल्यास मृत्यू ओढवू शकतो. याउलट ॲटॅझॅनॅव्हिरामुळे डोळे पिवळे दिसले, तरी यकृत बहुधा निरोगी असते.

सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडिन व डोल्यूटेग्रॅव्हिर यांची संयुक्त गोळी प्रचारात आहे. टेनोफोव्हिरामुळे वृक्कांना इजा पोहोचू शकते. डोल्यूटेग्रॅव्हिरामुळे निद्रानाश होतो व क्वचित रक्तशर्करा बरीच वाढते. त्याने रक्तातील क्रिॲटिनीन किंचित वाढते, परंतु तेवढ्यावरून वृक्कविकाराचे निदान करणे योग्य नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात वांत्या व चक्कर यांचे कारण कीटकनाशकही असू शकते. २०१७ मध्ये या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. आकुंचित बाहुल्या, लाळ व अतिघाम ही लक्षणे ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा सुचवितात, एचआयव्हीवरील औषधांचा दुष्परिणाम नव्हे. विदर्भात आढळणाऱ्या सिकल सेल विकारातही पांडुरोग व कावीळ होतात, हे ध्यानी ठेवावे लागते.

लोकलज्जेमुळे रुग्ण नातेवाइकांसमक्ष औषधाचे नाव सांगत नाही. म्हणून चौकशी एकांतात करावी. रुग्णाच्या संमतीवाचून ही माहिती इतरांस सांगण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने सामान्यतः मनाई केली आहे. गंभीर दुष्परिणामाची शंका नसता औषधे परस्पर बंद करू नयेत. यकृतशोथ-बी असलेल्या रुग्णात टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्यूडिन अचानक थांबविल्यास तो रोग उसळून येतो. बदल करावयाचा झाल्यास उपचार केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घेणे इष्ट होय.