साबणवाल्या सिस्टर

दिंडीत मला सगळे ‘साबणवाल्या सिस्टर’ म्हणतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले, तरी ही उपाधी काही सुटली नाही. आळंदी ते पंढरपूर चालताना पाय दुखतातच, पण माणसं आडवी पडतात ती पोटामुळे. पाऊस, चिखल, उघड्यावरची घाण आणि तिथून उठून थेट भाकरीवर बसणारी माशी, एवढं पुरतं.

माझ्या कमरेच्या पिशवीत जुन्या मोज्यात घातलेली साबणाची वडी असते. मोज्यासकटच हात चोळायचे. फेस होतो आणि वडी निसटून चिखलात पडत नाही. २० सेकंद तरी चोळा. बेचक्या आणि नखं विसरू नका. सॅनिटायझर मीही बाळगते, निदान ६० टक्के अल्कोहोलचं. पण मातीने किंवा तेलाने भरलेल्या हातांवर ते फारसं चालत नाही, आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसपुढे तर लंगडंच पडतं.

टँकरचं पाणी भरलं की त्यात क्लोरीनची गोळी, पाकिटावरच्या मापाने. मग अर्धा तास थांबायचं. तेवढा धीर कुणाला निघत नाही! “माऊली, पांडुरंग आहे की,” म्हणतात. आहेच. पण हंड्यात बोटं बुडवून पाणी काढा, असं त्याने सांगितलेलं नाही. ओगराळं वापरा.

जुलाब लागलेच तर ओआरएस. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. घोटघोट पाजत राहा. शौचातून रक्त पडलं किंवा लघवी थांबली, तर लगेच वाटेतलं आरोग्य पथक गाठा.