बायकांच्या पगारावर चाललेलं बंदर
स्कॉटलंडची बंदरं : लेखांक 4, डंडी

गेल्या आठवड्यात आपण लीथच्या धक्क्यावर, बोर्दोहून आलेल्या वाइनच्या पिंपांमध्ये होतो. तिथून उत्तरेला निघालं, आधी फोर्थची आणि मग टे नदीची खाडी ओलांडली, की डंडी. इथं वाइनचा वास विसरायचा. एकोणिसाव्या शतकातल्या डंडीला वास होता तो देवमाशाच्या तेलाचा आणि ओल्या तागाचा.

ताग म्हणजे तोच, ज्याचं गोणपाट आपल्याकडे धान्य भरायला, दाराशी पाय पुसायला आणि पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायला वापरलं जातं. तो स्कॉटलंडात उगवत नाही. उगवायचा पूर्व बंगालात, आणि कोलकात्याच्या बंदरातून जहाजावर चढून इथवर यायचा. मुळात डंडीचे लोक रशियातून येणाऱ्या जवसाच्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणत. 1820 च्या सुमारास त्यांनी ताग यंत्रावर घालून पाहिला, तर तो कोरडा, ताठ, तुटूनच जायचा. 1830 च्या दशकात उपाय सापडला, तोही घरातच. डंडीची जहाजं ग्रीनलंडकडच्या समुद्रात देवमाशांच्या शिकारीला जात. त्या माशांचं तेल पाण्यात मिसळून तागावर मारलं की धागा मऊ पडतो. गॅसचे दिवे आल्यावर दिव्यांसाठीच्या या तेलाचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. गिरण्यांनी त्याला नवं गिऱ्हाईक दिलं. एका बुडत्या धंद्याच्या आधारानं दुसरा उभा राहिला, आणि त्यानं पहिल्यालाही तारलं.

मग लढायांनी हात दिला. क्रिमियाच्या युद्धात (1853-56) रशियाचा माल अडला, अमेरिकेच्या यादवीत (1861-65) पोती आणि जाड कापड लागलं. 1841 साली 60 हजारांच्या आसपास वस्ती असलेलं हे गाव 1901 पर्यंत 1 लाख 60 हजारांवर गेलं. लॉकी भागातल्या कॉक्स बंधूंच्या कॅम्परडाउन वर्क्समध्ये भरभराटीच्या काळी 5 हजार माणसं कामाला होती. त्या गिरणीची रंगीत विटांची, 282 फूट उंचीची चिमणी अजून उभी आहे. आयर्लंडमधून इतके लोक लॉकीत येऊन राहिले, की त्या भागाला ‘लिटल टिपररी’ म्हणू लागले.

‘जूट, जॅम आणि जर्नलिझम’ या तीन ‘ज’वर डंडी चालते असं म्हणायची तिथं पद्धत आहे. ऐकायला छान वाटतं, पण तिन्ही ‘ज’ एका मापाचे नाहीत. किलर घराण्याचा संत्र्याचा मार्मलेड जगभर गेला आणि डी. सी. थॉमसन कंपनीचं ‘बीनो’ हे मुलांचं साप्ताहिक 1938 पासून निघतं आहे, हे खरं. पण घराघरांतली चूल पेटायची ती तागावर. आणि ताग चालायचा बायकांवर.

दर चार गिरणी कामगारांत तीन बायका. कारण सरळ होतं, बाई स्वस्तात मिळायची. पोरगेही घेत, पण अठराचे झाले आणि पुरुषाची मजुरी द्यायची वेळ आली, की त्यांना घरचा रस्ता दाखवत. म्हणून डंडीत उलटंच चित्र दिसायचं. भोंगा झाला की बाई शाल गुंडाळून गिरणीकडे पळायची आणि नवरा घरी पोरं सांभाळत चहाचं आधण ठेवायचा. अशा नवऱ्यांना डंडीच्या बोलीत ‘केटल-बायलर’ म्हणत: किटली उकळणारा. भोंग्यालाही तिथं स्वतःचा शब्द होता, ‘बमर’.

बायका-बायकांतही पायऱ्या होत्या. साच्यावर कापड विणणाऱ्या बायकांना मालाच्या मापानं पैसे मिळत आणि कामावर थोडाफार आपला ताबा असे. त्या हॅट आणि हातमोजे घालून कामाला जात. सूत काढणाऱ्या तासावारी मजुरीच्या, बोडक्या डोक्यावर शाल घेतलेल्या. दोघी रस्त्यानं एकत्र चालायच्या नाहीत म्हणतात. आपल्या गिरणगावात साचेखात्याचा तोरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे नवं नाही. साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येणं अशक्य, म्हणून बायका ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखत आणि हातांच्या खुणांनी गप्पा मारत. कितीतरी जणी वयाआधीच बहिऱ्या झाल्या. तागाचं तूस छातीत जायचं, तेलाचा वास केसांतून निघायचा नाही.

याला ‘बायकांचं राज्य’ म्हणून गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. पगार बाईच्या हातात होता, पण तो इतका तुटपुंजा की राज्य कसलं करायचं? मेरी ब्रुक्सबँक ही कामगार बाई पोरवयातच गिरणीत लागली आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत तुरुंगात जाऊन आली. तिच्या गिरणीच्या गाण्यात मजुरीचा आकडा नेमका आहे: 10 शिलिंग 9 पेन्स. त्यात पोरांना खाऊ घालायचं आणि कपडेही करायचे. त्या गाण्यातल्या ओळी आज एडिंबरामध्ये स्कॉटिश संसदेच्या भिंतीवर कोरलेल्या आहेत.

घरं एक-दोन खोल्यांची, तीन-चार मजली दगडी इमारतींत. मागच्या अंगाला जिन्यापासून दारांपर्यंत जाणारे उघडे सज्जे असत; त्यांना ‘प्लेटी’ म्हणतात. कपडे तिथंच वाळायचे, भांडणं तिथंच व्हायची, आणि बाळ-बाळंतिणीची विचारपूसही तिथंच. चाळीच्या सामाईक गॅलरीत वाढलेल्या वाचकाला जास्त सांगायला नको. फरक हवेचा. टे नदीवरून येणारा वारा जानेवारीत त्या सज्ज्यावर क्षणभर उभं राहू देत नाही. याच वाऱ्यानं 28 डिसेंबर 1879 च्या रात्री, जेमतेम दीड वर्षापूर्वी सुरू झालेला टे नदीवरचा रेल्वेपूल धावत्या गाडीसकट पाडला होता. गाडीतलं कोणीही वाचलं नाही.

डंडीचा ताग मात्र वाऱ्यानं नाही, डंडीनंच संपवला. 1855 साली कोलकात्याजवळ हुगळीकाठी रिश्रा इथं पहिली ताग गिरणी निघाली, तीही डंडीहून नेलेल्या यंत्रांवर. मागोमाग डंडीचे मेस्त्री, फोरमन आणि व्यवस्थापक चांगल्या पगारासाठी हुगळीकाठी गेले, आणि डंडीतल्या पैसेवाल्यांनी आपला पैसाही तिकडेच गुंतवला. ताग शेजारी, मजूर त्याहून स्वस्त. विसावं शतक उजाडेपर्यंत कोलकाता डंडीच्या पुढे निघून गेलं होतं. इकडे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांतली ‘व्हर्डंट वर्क्स’ आज संग्रहालय आहे. तिथं जुनी यंत्रं पाहुण्यांसाठी चालू करून दाखवतात.

ताग घेऊन डंडीच्या धक्क्याला लागलेलं शेवटचं जहाज 1998 साली आलं. ते बांगलादेशचं होतं, आणि त्याचं नाव होतं ‘बांगलार ऊर्मी’, म्हणजे बंगालची लाट.