गाडी रात्री कुठे उभी राहते? विजेची मोटार आणि पेट्रोलची जुनी गाडी

आजचा विषय तुमच्याच आग्रहावरून घेतलाय. इंदूर, बेळगाव, नागपूर, बडोदा आणि इथली लखनौतली मराठी घरं, सगळीकडून प्रश्न एकच येतो: "साहेब, जुनी पेट्रोलची गाडी काढून विजेची घ्यावी का?" विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, मुलगा म्हणतो "घ्या बाबा, आता सगळे हीच घेतात", आणि निर्णय बारा-पंधरा लाखांचा असतो. तेव्हा आज घाई न करता बोलू.

मी सेनेत रसद पुरवठ्याच्या कामात होतो. त्या कामात गाडीकडे बघायची एक सवय लागते. गाडी किती देखणी, किती जोरात पळते हे नंतर. आधी विचारायचं, हिला खायला कोण घालणार, कुठे, आणि किती वेळात? लडाखच्या हिवाळ्यात साधं डिझेल थिजतं. २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल तिकडे आणलं. त्याआधी पहाटे टाकीखाली शेक द्यावा लागायचा, तेव्हा कुठे इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं.

हीच नजर ठेवून सेनेनं विजेच्या गाड्यांबद्दल काय ठरवलं ते बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालं की निवडक तुकड्यांमध्ये सुमारे २५ टक्के हलकी वाहनं, ३८ टक्के बस आणि ४८ टक्के मोटारसायकली विजेवर नेणार. पण कुठल्या तुकड्या? पीस स्टेशनवरच्या, म्हणजे जिथे गाडी ठरलेल्या रस्त्यावर फिरते आणि रात्री आपल्या जागी परत येते. आणि सोबत चार्जिंगची पुरेशी सोय करूनच. सीमेवरच्या ठाण्यांचा त्या आकड्यांत समावेश नव्हता. मला हा सगळ्यात समजूतदार निकष वाटतो, आणि तो तुमच्या-माझ्या घरालाही लागू पडतो. गाडी रात्री उभी राहते तिथे प्लग आहे का? आणि महिन्याला ती धावते किती? या दोन उत्तरांवर जवळजवळ सगळं ठरतं.

आता पैशांचा हिशोब. कागद-पेन्सिल घ्या. मी सोपे आकडे धरतो, तुम्ही तुमच्या गावचे घाला. पेट्रोल ९५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये तीस पैसे. विजेच्या मध्यम मोटारीला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात. घरची वीज ७ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला एक रुपया पाच पैसे. वाचले सव्वापाच रुपये. ऐकायला फार छान वाटतं, आणि शोरूममध्ये एवढंच ऐकवतात.

पुढचा भाग असा. त्याच आकाराची विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा महाग असते. फरक ४ लाख धरा. सव्वापाच रुपयांनी ४ लाख फेडायला गाडी सुमारे ७५,००० किलोमीटर चालायला हवी. दिवसाला ५० किलोमीटर धावणाऱ्या माणसाचे हे पैसे चार वर्षांत वसूल होतात. आणि आपल्यासारखा निवृत्त माणूस? भाजी, बँक, दवाखाना, आठवड्यातून एकदा कुणाकडे जेवायला. महिन्याला ५०० किलोमीटर झाले तर पुष्कळ. त्याला बारा वर्षं लागतील, आणि बॅटरीची हमी सहसा आठ वर्षांची असते. घरी प्लग नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेरच्या वेगवान चार्जरवर, २० रुपये युनिटच्या आसपास, करावं लागलं तर बचत निम्म्याच्या जवळ येते आणि हिशोब वीस वर्षांवर जातो. तोवर गाडी कोण चालवतंय?

शिवाय किमतीचा फरक स्थिर नाही. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे छोट्या गाडीच्या बाबतीत पेट्रोलचं पारडं थोडं जड झालं. राज्यांच्या सवलतींनाही मुदत असते. उत्तर प्रदेशाच्या ऑक्टोबर २०२२ च्या धोरणात रस्ता कर आणि नोंदणी शुल्काची माफी तीन वर्षांसाठी होती. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आली. सवलत जरूर घ्या, पण विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आज आपल्या आरटीओत किती भरावे लागतात, तो आकडा लेखी मागा.

हा हिशोब सगळ्यात आधी कुणी केला, ठाऊक आहे? आमच्या चारबाग स्टेशनबाहेर या. ई-रिक्षांची एवढी गर्दी की चालायला जागा मिळत नाही. लखनौत विजेच्या मोटारींची चर्चा सुरू व्हायच्या आधीच हे लोक विजेवर गेले. दिवसभर धावायचं, ताशी २५ किलोमीटरच्या वर जायचंच नाही, रात्री ठरलेल्या गॅरेजात लावून चार्ज करायची. म्हणजे रात्रीचा प्लग आणि दिवसभराचं धावणं, दोन्ही अटी पुऱ्या. त्याआधी याच शहरात स्कूटर्स इंडियाच्या कारखान्यात बनलेले डिझेलचे विक्रम टेम्पो काळा धूर ओकत फिरायचे. मग सीएनजी आला, आणि पंप कमी असताना लागणाऱ्या लांबच लांब रांगाही आल्या. इंधन बदलताना अडचण होते ती अशी, पुरवठ्याची. ई-रिक्षांच्या वाहतुकीवर आम्ही लखनौकर खूप चिडतो, मीसुद्धा. पण त्यांच्या चालकांचं गणित पक्कं आहे. एक काळजी मात्र आहे. त्यांतल्या पुष्कळ रिक्षांत शिशाच्या बॅटऱ्या असतात, त्या साधारण वर्षभरात दमतात, आणि जुनं शिसं कुठल्या गल्लीत कसं वितळवलं जातं हे कुणी नीट बघत नाही.

आता हवेचं बोलू. "विजेची गाडी म्हणजे शून्य धूर" हे अर्धं खरं आहे. तुमच्या गल्लीत धूर शून्य, हे खरं. लखनौत हिवाळ्यात तालकटोरा आणि लालबागच्या केंद्रांवर हवेचे जे आकडे दिसतात ते पाहिल्यावर गल्लीतला धूर कमी होणं ही लहान गोष्ट नव्हे. दम्याच्या माणसाला विचारा. पण देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. आमच्या भागाला वीज देणारी मोठी केंद्रं सोनभद्रकडे आहेत: अनपरा, ओबरा, सिंगरौली, रिहंद. म्हणजे माझ्या गोमतीनगरातल्या गाडीचा धूर तिकडच्या माणसाच्या अंगणात. पुण्याची गाडी असेल तर चंद्रपूरची आठवण ठेवा.

तरीही फायदा आहे का? आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे आपल्या १५ किलोमीटरच्या गाडीला किलोमीटरला दीडशे ग्रॅम. तेल काढणं, शुद्ध करणं, टँकरनं आणणं धरलं तर १८० च्या आसपास. विजेच्या एका युनिटामागे देशाची सरासरी सुमारे ७०० ग्रॅम आहे. तारांमधली गळती धरून विजेच्या गाडीचे किलोमीटरला १२५-१३० ग्रॅम होतात. फरक ५० ग्रॅमचा. आता ४० युनिटांची बॅटरी बनवतानाच अंदाजे तीन टन वायू आधी सुटलेला असतो. तो फेडायला गाडी ६०,००० किलोमीटर चालायला हवी. बघा, खिशाचा आकडा ७५,००० होता आणि हवेचा ६०,०००. दोन्ही हिशोब आपण वेगवेगळ्या वाटेनं केले, पण महिन्याला ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दोन्हींत एकच उत्तर मिळतं. छपरावर सौर पॅनेल असतील आणि गाडी दुपारी घरी उभी असेल, तर मात्र हवेचं गणित तुमच्या बाजूनं झुकतं.

फौजी माणूस म्हणून आणखी एक मुद्दा सोडवत नाही. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. विजेच्या गाडीच्या बॅटरीचे सेल बहुतेक चीनमधून येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटारींना लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आपल्या कारखान्यांची धावपळ झाली. तर मग एका परावलंबनातून दुसऱ्यात जायचं का? मला दोन्ही सारखी वाटत नाहीत. तेल रोज लागतं. बॅटरी एकदा आली की आठ-दहा वर्षं काम देते. वाट बंद झाली तर नवी गाडी मिळणार नाही, पण असलेली गाडी उभी राहत नाही. रसदेच्या भाषेत हा फार मोठा फरक आहे.

ज्यांची गाडी रोज ४०-५० किलोमीटर धावते आणि ज्यांच्याकडे स्वतःची जागा आहे, त्यांनी बिनधास्त विजेची घ्यावी. फक्त आधी घरचा वीजभार तपासा. घराचा मंजूर भार ३ किलोवॅट, त्यात एसी चालू, वर गाडी लावली, तर मीटरच्या पेटीत वास येणारच. इथे लोक वीज कंपनीला अजून लेसाच म्हणतात. तिच्याकडे भार वाढवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. साध्या १५ अँपियरच्या प्लगवरही काम भागतं. तासाला तीन युनिटं जातात, ५० किलोमीटरच्या धावण्याला अडीच तास पुरतात. सोसायटी अडवत असेल तर केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला त्यांत परवानगी आहे. मे-जूनमध्ये गाडी सावलीत लावा, लिथियमला उन्हाचा जाच होतो. आणि कंपनीच्या जाहिरातीतल्या अंतरातून एसी आणि वेग यांचे २५-३० टक्के वजा करा. आमच्या पूर्वांचल एक्स्प्रेस-वेसारख्या ३४१ किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर पाय जड पडतो आणि आकडा भराभर उतरतो, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

आणि ज्यांची पेट्रोल गाडी बारा-चौदा वर्षांची आहे, कमी चालते, नीट चालते, त्यांनी ती ठेवावी असं माझं स्पष्ट मत. ती बनवताना झालेलं नुकसान कधीच होऊन गेलंय. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या गाडीचं मायलेज थोडं कमी होईल. रबराच्या नळ्या आणि फ्युएल पंप मेकॅनिककडून बघून घ्या. जुन्या डिझेलबद्दल माझं मत वेगळं आहे. बीएस-थ्रीचं डिझेल शहरात फिरवू नये, त्याची काजळी थेट शेजाऱ्याच्या छातीत जाते. बीएस-सिक्सचं नवं डिझेल स्वच्छ आहे, पण फक्त बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्यासाठी नाही. धुराड्यातली काजळीची जाळी साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब पळवावी लागते, नाही तर ती तुंबते.

पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाचे मोटारीला ५,००० रुपये पडतात, वीस वर्षांनंतर १०,०००. शिवाय तपासणी करून घ्यावी लागते. नोएडा, गाझियाबाद, मेरठ आमच्याच राज्यात असले तरी एनसीआरमध्ये येतात आणि जुन्या गाड्यांचे तिथले नियम न्यायालयात वारंवार बदललेत, तेव्हा तिकडे निघायच्या आदल्या दिवशी चालू नियम बघा. आणि कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरवरची तारीख वाचा. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कोरी दिसली तरी टायर बदलून टाका.