अळंबीची खोली, एसी आणि लहान जनरेटर

बटन अळंबीची लागवड हा आता केवळ थंड प्रदेशांचा उद्योग राहिलेला नाही. एसी बसविलेल्या बंदिस्त खोलीत महाराष्ट्राच्या सपाट भागातही हे पीक घेता येते. परंतु या पिकाची सारी भिस्त खोलीतील थंडाव्यावर असते आणि थंडाव्याची सारी भिस्त विजेवर. ऐन वैशाखात वीज गेली म्हणजे उत्पादकाचा जीव टांगणीस लागतो. मग तो घाईने एक लहान पेट्रोल जनरेटर विकत आणतो. दिवे लागतात, पंखे फिरतात. पण एसीचा काँप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी जनरेटर गुदमरतो आणि बंद पडतो. अशा वेळी बहुधा दोष जनरेटरचा नसतो, एसीचाही नसतो. खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब राहून गेलेला असतो. तो हिशेब कसा करावा व जनरेटर निर्धोकपणे कसा वापरावा, याची माहिती येथे दिली आहे.

थंडाव्याची गरज

कंपोस्टमध्ये अळंबीची बुरशी पसरत असताना २२ ते २५ अंश सेल्सिअस तपमान लागते. पुढे अळंबी उगवून येण्याच्या काळात ते १४ ते १८ अंशांपर्यंत उतरवावे लागते. घरगुती एसी साधारणतः १६ अंशांपर्यंतच खाली नेता येतो. म्हणजे उगवणीच्या काळात तो आपल्या शक्तीच्या सीमेवरच काम करीत असतो. शिवाय कंपोस्ट स्वतः उष्णता निर्माण करते. बुरशी जोमात असताना पिशवीतील तपमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी अधिक असते. म्हणून तापमापक भिंतीवर टांगून भागत नाही. एक तापमापक पिशवीतही खोचून ठेवावा.

वीज गेल्यावर हे तपमान चढू लागते. उगवणीच्या काळात ते २० अंशांच्या पुढे राहिले तर देठ लांबतात, टोप्या लवकर उघडतात आणि माल बाजारात कमी भावाने जातो. बुरशी पसरण्याच्या काळात कंपोस्ट ३५ अंशांच्या घरात गेले तर बुरशीच मरू लागते व सबंध हंगामाचे भांडवल बुडते.

तथापि वीज जाताच धावपळ करण्याचे कारण नाही. भिंती व छत यांना योग्य उष्णतारोधक थर असेल आणि दार वरचेवर उघडले नाही, तर खोलीतील थंडावा काही काळ टिकतो. तो नेमका किती टिकतो हे प्रत्येक उत्पादकाने एकदा स्वतः पडताळून पाहावे. दुपारी एसी बंद करून दर पंधरा मिनिटांनी तपमान लिहून ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासातच चार-पाच अंशांची वाढ होत असेल, तर जनरेटरपूर्वी थर्मोकोल किंवा पफ पॅनेलवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गळक्या घड्यात पाणी ओतीत राहण्यापेक्षा आधी घडा बुजवावा.

चालण्याची वीज आणि सुरू होण्याची वीज

जनरेटर निवडताना होणारी मुख्य चूक येथे आहे. दीड टनाचा साधा, म्हणजे ठरावीक गतीचा एसी चालू असताना सुमारे १६०० वॅट वीज घेतो. २३० व्होल्टला हा प्रवाह सात ते आठ अँपियर भरतो. हा आकडा पाहून उत्पादक समजतो की २००० वॅटचा जनरेटर पुरेल. परंतु बंद असलेला काँप्रेसर फिरू लागण्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या चार ते सहा पट प्रवाह ओढतो. आठ अँपियरचा काँप्रेसर क्षणभर चाळीस अँपियरपर्यंत मागणी करतो. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांना जो जोर लावावा लागतो, तो गाडी चालू लागल्यावर लागत नाही. त्यातलाच हा प्रकार होय.

महावितरणच्या तारेवर हा क्षणिक भार जाणवतही नाही. लहान जनरेटरला मात्र तो पेलत नाही. भार पडताच त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले तर जोर ६४ टक्केच उरतो. त्यामुळे काँप्रेसर फिरत नाही, नुसता गुणगुणतो, तापतो आणि प्रवाह ओढीतच राहतो. असे वारंवार झाल्यास काँप्रेसरची वेटोळी जळण्याचा धोका असतो. जनरेटर बंद पडला म्हणून त्याच क्षणी पुनःपुन्हा प्रयत्न करणे म्हणूनच घातक आहे.

पाटीवरील आकडे कसे वाचावेत

जनरेटरच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात. मोठा आकडा क्षणभर मिळू शकणाऱ्या शक्तीचा असतो आणि लहान आकडा सतत मिळणाऱ्या शक्तीचा. जाहिरातीत मोठा आकडा ठळक छापतात. हिशेब मात्र लहान आकड्यावर करावा. त्यातूनही सतत चालविण्यासाठी तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश इतकाच भार ठेवावा.

उंचीचाही विचार करावा लागतो. उंचावर हवा विरळ असल्यामुळे साध्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या सुमारास कमी होते. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यास ही घट सहा टक्क्यांच्या आसपास असते, तर सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास पंधरा टक्क्यांच्या. कडक उन्हाने शक्ती आणखी थोडी घटते.

उदाहरणार्थ, पुण्याजवळील एका खोलीत दीड टनाचा साधा एसी, ताजी हवा आत घेणारा पंखा, हवेत ओलावा सोडणारे यंत्र आणि दिवे असा एकूण १९०० वॅटचा भार आहे असे समजू. सतत २८०० व्होल्ट-अँपियर देणारा जनरेटर तेथे सुमारे २६०० देईल. चार-पंचमांशाचा नियम लावला तर २१०० चा भार त्यावर ठेवता येईल. म्हणजे चालण्यापुरता हा जनरेटर पुरेसा आहे. परंतु सुरू होण्याच्या क्षणीची मागणी चाळीस अँपियर गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे ९२०० व्होल्ट-अँपियर येते. ती त्याला भागविता येणार नाही. अडचण नेमकी कोठे आहे, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

तीन मार्ग

पहिला मार्ग मोठा जनरेटर घेण्याचा. दीड टनाच्या साध्या एसीसाठी व्यवहारात ५ केव्हीएचा जनरेटर घ्यावा लागतो. त्याची किंमत, वजन व इंधन सारेच अधिक असते आणि सुरू होण्याचा एक क्षण सोडला तर त्याची अर्धीअधिक शक्ती वापराविना राहते.

दुसरा मार्ग काँप्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसविण्याचा. हे छोटे उपकरण काँप्रेसरला एकदम पूर्ण व्होल्टेज न देता क्रमाक्रमाने देते. त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह साठ ते सत्तर टक्क्यांनी कमी होतो. चाळीस अँपियरच्या जागी बारा ते सोळा अँपियरवर काम भागते. अमेरिकेत राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाड्यांच्या टपावरील एसी लहान जनरेटरवर चालविण्यासाठी याच उपकरणाचा वापर करतात. ते जाणत्या मेकॅनिककडूनच बसवून घ्यावे व त्यामुळे एसीची हमी रद्द होत नाही ना, हे आधी विचारावे.

तिसरा मार्ग इन्व्हर्टर एसीचा. याचा काँप्रेसर मंद गतीने सुरू होऊन हळूहळू वेग घेतो, म्हणून सुरुवातीचा धक्का जवळजवळ नसतोच. नवीन खोली बांधणाऱ्याने हाच मार्ग पत्करावा. मात्र खोली फार तापलेली असताना हा एसी आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा अधिक वीज घेतो. म्हणून पाटीवरील कमाल वॅटचा आकडा धरूनच हिशेब करावा. इन्व्हर्टर एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यास जनरेटर शेतावर आणावयास सांगावे आणि भर दुपारी, तापलेल्या खोलीत, आपल्याच एसीवर तो चालवून पाहावा. सकाळच्या थंड वेळी यशस्वी झालेली चाचणी दुपारी उपयोगी पडत नाही.

सुरू करण्याचा क्रम

१. वीज जाताच एसीचे बटण बंद करावे. काँप्रेसरमधील वायूचा दाब दोन्ही बाजूंस समान होण्यास निदान तीन मिनिटे लागतात. तत्पूर्वी सुरू केल्यास त्याला दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो.

२. जनरेटर भाराविना सुरू करून दोन-तीन मिनिटे तापू द्यावा.

३. जनरेटरवर इंधन बचतीचे बटण असल्यास ते बंद ठेवावे. त्या स्थितीत इंजिन मंद चालते व अचानक आलेला भार त्यास पेलत नाही.

४. प्रथम एसी सुरू करावा. काँप्रेसर स्थिरपणे चालू लागल्यावर पंखा, ओलावा देणारे यंत्र व दिवे एकेक करून लावावेत. पाण्याची मोटार त्याच जनरेटरवर लावू नये.

५. बंद करताना क्रम उलटा ठेवावा.

जोडणी

जनरेटरची तार घरातील प्लगमध्ये खुपसून वीज उलट दिशेने घरात घेण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ही पद्धत मनुष्यवधास कारण होऊ शकते. ती वीज घरातून बाहेरच्या तारेत जाते आणि रोहित्रात पोहोचून तिचे व्होल्टेज हजारोंच्या घरात चढते. वीज बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या कामगारास मग मरण येते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. एका बाजूस महावितरण व दुसऱ्या बाजूस जनरेटर अशी त्याची रचना असते, आणि दोन्ही कधीच एकत्र जोडले जात नाहीत. जनरेटरला अर्थिंग असावे. पंधरा-वीस मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल चालेल. त्याहून लांब न्यावयाची असल्यास ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. बारीक व लांब तारेत सुरू होण्याच्या क्षणीच व्होल्टेज गळते.

विषारी धूर

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूस दोनशे पटींहून अधिक ओढीने धरते. त्यामुळे शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे होत. थकवा समजून माणूस तेथेच पडून राहतो आणि पुन्हा उठत नाही.

अळंबीच्या खोलीत हा धोका दुप्पट असतो. एक तर खोली बंदिस्त असते. दुसरे म्हणजे पिकास ताजी हवा मिळावी म्हणून बसविलेला पंखा बाहेरची हवा आत खेचीत असतो. त्या पंख्याजवळ जनरेटर ठेवला तर सारा धूर थेट खोलीत येतो आणि तोडणी करणाऱ्या माणसांच्या जिवावर बेततो. म्हणून जनरेटर नेहमी उघड्यावर, दारे, खिडक्या व हवा घेणारा पंखा यांपासून निदान सहा मीटर दूर ठेवावा. धुराचे तोंड खोलीकडे नसावे व वाऱ्याची दिशाही पाहावी. पडवी, गोठा किंवा कोठार यांत तो कधीही चालवू नये. पावसापासून बचावासाठी चारही बाजू मोकळ्या असलेले छप्पर पुरते. कोणास वरील लक्षणे दिसल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, जनरेटर बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इंधन व निगा

सुमारे १६०० वॅटच्या भारावर असा जनरेटर तासास साधारण एक लिटर पेट्रोल घेतो. आपल्या भागात वीज किती तास जाते ते पाहून महिन्याचा खर्च आधीच मांडावा. पेट्रोल भरताना जनरेटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडल्यास भडका उडतो. प्रत्येक वेळी ऑइल पाहावे. नव्या जनरेटरचे पहिले ऑइल सुमारे वीस तासांनंतर बदलावे व पुढे पुस्तिकेप्रमाणे बदलीत जावे.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते ओलावा शोषते. जनरेटर महिनाभर पडून राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. गरज नसली तरी पंधरवड्यातून एकदा, एसीचा भार देऊन, पंधरा मिनिटे जनरेटर चालवावा. संकटाच्या दिवशी प्रथमच दोरी ओढणाऱ्याचा जनरेटर बहुधा सुरू होत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी अळंबी उत्पादकाच्या भेटीत चार गोष्टी अवश्य पाहाव्यात: खोलीचा उष्णतारोधक थर, एसीच्या पाटीवरील आकडा, चेंजओव्हर स्विच आणि जनरेटर ठेवण्याची जागा. पहिल्या दोहोंवर उत्पादकाचे पीक अवलंबून असते. शेवटच्या दोहोंवर माणसांचे प्राण. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते, हे ध्यानी ठेवून जागा व जोडणी यांची पाहणी प्रथम करावी आणि मगच थंडाव्याचा हिशेब मांडावा.